नोंदवहीचे वाचन : भोर-वेल्ह्याच्या निमित्ताने

१९०१ च्या जनगणनेत भोर संस्थानाची लोकसंख्या १,३७,२६८ भरली. त्याआधीच्या दहा वर्षांत ती १२ टक्क्यांनी घटली होती. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९११ च्या आवृत्तीत भोरच्या वाट्याला ज्या मोजक्या ओळी आल्या आहेत त्यांत हे दोन आकडे आहेत. त्यांच्या शेजारी ९२५ चौरस मैल क्षेत्रफळ, संस्थानाचे उत्पन्न आणि इंग्रजांना द्यावयाची खंडणी हेही आहे. घट का झाली ह्याविषयी एक शब्द नाही. बारा टक्के म्हणजे सुमारे अठरा हजार माणसे. दर आठ-नऊ माणसांमागे एक.

हे संस्थान पंत सचिवांचे. त्याच्या तालुक्यांना गडांची आणि मावळांची नावे होती: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड, पवनमावळ, आणि घाटाखाली सुधागड. आजचे भोर आणि वेल्हे हे तालुके मुख्यतः ह्यांतल्या पहिल्या तीन नावांच्या मुलखातून घडले आहेत. (वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. एका अर्थी जुन्या दप्तरातले नाव नव्या दप्तरात परत आले.) मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

अठरा हजार माणसे कुठे गेली ह्या प्रश्नाचे उत्तर चटकन सुचते. १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा त्याहून मोठा दुष्काळ, आणि १८९६ पासून मुंबई-पुण्यात ठाण मांडून बसलेला प्लेग. हे उत्तर बहुधा चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. जनगणनेतील घट म्हणजे केवळ मृत्यू नव्हेत. दुष्काळात जी मुले जन्मालाच आली नाहीत त्यांचाही त्या घटीत वाटा असतो. जी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेली ती १ मार्च १९०१ च्या रात्री जिथे निजली होती तिथे मोजली गेली. भोरच्या आकड्यात ती नाहीशी झाली, पण जगातून नव्हे. उलट, प्लेगच्या भीतीने शहर सोडून गावी परतलेला एखादा गिरणी कामगार भोरच्या लोकसंख्येत एकाची भर घालून गेला असेल. म्हणजे एकाच आकड्यात मरण, न-जन्म, स्थलांतर आणि पळ ह्या चार गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्या वेगळ्या करण्यासाठी दुसरे कागद हवेत. दवाखान्याची नोंद हा त्यांतला एक कागद होऊ शकला असता. पण मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालातील जन्ममृत्यूचे तक्ते ब्रिटिश जिल्ह्यांचे असत. संस्थानी मुलूख नकाशावर पुणे आणि सातारा जिल्ह्यांना खेटून असला तरी तक्त्यात तो नव्हता.

साहित्याच्या विद्यार्थ्याला अशा रिकाम्या जागेचे आकर्षण वाटायला हवे. आपण संहितेतील मौनाविषयी पुष्कळ लिहितो. पण ज्या संहितेत फक्त रकाने आणि अंक आहेत तिच्या मौनाकडे मात्र आपण 'ते आपले क्षेत्र नव्हे' म्हणून पाठ फिरवतो. माझे म्हणणे असे की दवाखान्यात तातडीने दाखल झालेल्या रुग्णांची नोंदवही ही एक संहिताच आहे. तिला लेखक आहे, संकेत आहेत, वगळलेले मजकूर आहेत. आणि तिच्यात अचानक दिसणारा चढ किंवा उतार हा रोगाचा चढउतार आहे असे गृहीत धरणे, म्हणजे कादंबरीतील निवेदकाचे प्रत्येक विधान लेखकाचे मत मानण्यासारखे आहे.

एक नोंद होते कशी? समजा वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीवर भातलावणीच्या दिवसांत एखाद्या बाईला काहीतरी चावले. प्रथम ते चावणे धोक्याचे आहे हे कोणालातरी वाटले पाहिजे. मग मांत्रिक की दवाखाना हा निर्णय झाला पाहिजे, आणि तो बहुधा ती बाई स्वतः घेत नाही. मग ओढ्याला पाणी किती आहे, गाडी आहे का, रात्र आहे की दिवस, हे प्रश्न. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या दारात ती पोचली तर केसपेपर निघतो. तिथे औषध नसेल तर 'ससूनला न्या' असे सांगितले जाते. ससूनला ती पोचली तर तिची भरती पुणे शहरातल्या रुग्णालयात होते. वेल्ह्याच्या वहीत उरते ती फार तर 'पुढे पाठवले' एवढी ओळ. वाटेत दगावली तर त्या भरतीच्या आकड्यात ती नसतेच. ह्या साखळीतील कोणतीही एक कडी बदलली, पूल झाला, रस्ता खचला, डॉक्टर बदलून गेला, तर एकाही सापाने आपला स्वभाव न बदलता भरतीचा आकडा दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यानंतरच्या कोणत्याही तालुक्याच्या भरतीची तुलना आधीच्या वर्षांशी करणाऱ्याने ही तारीख समासात लिहून ठेवावी.

ह्या साखळीतील सर्वांत नाजूक कडी विश्वासाची. तिचा इतिहास आपल्याकडे रक्ताने लिहिलेला आहे.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. प्लेगला तेव्हा जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, हे लोक पाहत होते. त्या निरीक्षणात खोट नव्हती. अगदी शेवटच्या अवस्थेत, बहुधा बळाने, आणलेली माणसे तिथे मरत होती. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र वेगळा होता: तिथे माणसांना मारले जाते, त्यांच्या अंगाची मोमियाई काढली जाते. मोमियाईची अफवा वाचताना आपण हसू नये. 'रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण अतिशय मोठे आहे, तेव्हा रुग्णालय हेच मृत्यूचे कारण असले पाहिजे' ह्या तर्काची रचना पुष्कळ सुशिक्षित लेखांतही सापडते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलसारखी आकडेशास्त्राची उपासक तिच्या 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स' ह्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक दाखवते. वस्तुतः तिथे वर्षभरातील मृत्यूंना एका विशिष्ट दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. वर्षभरात आलेल्या एकूण रुग्णांनी भागले असते तर प्रमाण कितीतरी पटींनी खाली आले असते. ह्या तक्त्यावरून त्या काळी वैद्यकीय नियतकालिकांत मोठा वाद झाला. अंश बरोबर, छेद वेगळा, आणि रुग्णालय एकदम वधगृह. आर्थर रोडच्या कामगाराजवळ तक्ता नव्हता, एवढाच फरक.

पुण्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती इथे सांगत नाही. तिचा फक्त एक धागा उचलतो. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. रँडच्या प्लेग समितीने १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांची शोधपथके घरोघर पाठवली, ती १९ मेपर्यंत. ह्या दिवसांतील प्लेग रुग्णालयाच्या भरतीचा तक्ता आज आपल्यासमोर ठेवला तर तो काय सांगेल? पथकांनी जितकी घरे उघडली तितके रोगी सापडले असणार. रोगी लपवले गेले, माळ्यावर, कोठीत, शेजारच्या गावी पाठवून, तितके ते सापडले नसणार. अशा तक्त्यातील चढ हा शोधाच्या कडकपणाचा चढ असतो, आणि उतार हा एकतर रोगाचा उतार किंवा लपवण्याच्या कौशल्याचा चढ. दोन्ही शक्यता एकाच आकड्यातून वाचता येतात. कात्रजचा घाट ओलांडून दक्षिणेकडे, संस्थानी मुलखाकडे गेलेला माणूस पुण्याच्या तक्त्यातून बाद होई. तो पुढे कुठे मेला, की जगला, हे विचारणारा रकाना नव्हता. भोरच्या बारा टक्क्यांत असा एखादा पुणेकरही असू शकतो, पण आकड्याच्या उलट बाजूला. तो जगून तिथे राहिला असेल तर त्याने घट कमी दाखवली.

आणखी एक गोष्ट. मे महिन्यात पथके थांबली तेव्हा पुण्याचा प्लेग ओसरलेला होता. समितीच्या बाजूने पाहणाऱ्याला हे मोहिमेचे यश वाटणे स्वाभाविक होते. पण दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लेग तसाही ओसरतो. उष्ण आणि रुक्ष हवेत उंदरावरच्या पिसवा फार काळ जगत नाहीत. उंदीर, पिसू आणि ऋतू ह्यांची ही साखळी भारतातील प्लेग संशोधकांनी पुढे १९०५ नंतर पक्की केली. १८९७ मध्ये ती कोणालाच माहीत नव्हती. त्याच वर्षी पावसाळ्यात प्लेग परतला, आणि आधीपेक्षा अधिक माणसे घेऊन गेला. जिथे ऋतू आणि हुकूम एकाच वेळी बदलतात तिथे उताराचे श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत जे घडले त्यामागे हीच तफावत होती. शासनाच्या वहीत ही मोहीम रोगी वाचवणारी होती, आणि ज्यांच्या घरात बूट शिरले त्यांच्या स्मरणात ती काही वेगळीच होती. दामोदर चापेकराने तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त आज उपलब्ध आहे. ते वाचताना त्याच्या सनातनी अभिनिवेशाचा आपल्याला त्रास होतो, व्हावाही. तरीही शासकीय अहवालाच्या शेजारी ठेवून वाचावे असे ते एक पुस्तक आहे.

शोधपथके निघण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले वारल्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, आणि त्यांना प्लेगची लागण झाली, हे आपण शाळेत शिकतो. इथे एवढेच लक्षात घ्यावे की तीही एक तातडीची भरतीच होती. त्याच शहराच्या वेशीवर, त्याच महिन्यात, एक रोगी पाठीवर बसून दवाखान्यात आला, आणि काही दिवसांनी दुसरे रोगी संगिनींच्या पहाऱ्यात आले. वहीत दोघांचीही ओळ सारखीच दिसेल.

आता थोडे दूरचे उदाहरण, कारण ते आकाराने वेल्ह्याला जवळचे आहे. अमेरिकेतील माँटाना राज्यात हेलेना नावाचे गाव आहे. तिथे २००२ साली सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी झाली. सहा महिन्यांनी न्यायालयीन वादात ती स्थगित झाली. त्या सहा महिन्यांत तिथल्या रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेले स्थानिक रुग्ण होते २४. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत त्याच महिन्यांची सरासरी होती ४०. २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा अभ्यास आला आणि जगभर गाजला. गाव एकाकी, रुग्णालय एकच, बंदी आली तशी आकडा उतरला, बंदी उठली तसा चढला. इतकी सुबक कथा इतिहासात क्वचित मिळते, आणि सुबक कथेविषयी साहित्याच्या वाचकाला जी शंका यायला हवी ती इथेही यावी. चाळीस आणि चोवीस ह्यांतले अंतर सोळा. ज्या घटनेची सरासरी चाळीस आहे ती निव्वळ योगायोगानेही दरवेळी सहा-सात इकडे किंवा तिकडे होणारच. सोळा हा त्याहून बराच मोठा उतार आहे, नाकारण्याजोगा नाही. पण बंदी फक्त हेलेनात झाली नव्हती. अनेक गावांत झाली होती, आणि ज्या गावात आकडा उतरला त्याच गावाची कथा लिहिली जाण्याचा संभव अधिक. पुढे २०११ मध्ये अमेरिकाभरच्या मोठ्या माहितीवर काम करणाऱ्या संशोधकांना असे दिसले की बंदीनंतर लहान गावांत आकडा एकदम उतरलेला जितका आढळतो तितकाच एकदम चढलेलाही आढळतो. चढलेल्या गावांविषयी कोणी लेख लिहिले नव्हते. ह्याने धूम्रपान निर्दोष ठरत नाही, ते घातक आहे ह्याचे पुरावे वेगळे आणि भक्कम आहेत. एका गावाच्या एका सहामाहीवर किती भार टाकायचा, एवढाच हा प्रश्न आहे.

हेलेनाच्या अभ्यासातील परिसराची लोकसंख्या होती सुमारे ६८ हजार. वेल्हे तालुक्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या ५४,५१६. पुणे जिल्ह्यातील सर्वांत लहान. शेजारच्या भोरची १,८६,११६. आणि सबंध पुणे जिल्ह्याची ९४ लाखांहून अधिक. जिल्ह्याच्या अहवालात वेल्ह्याचा आकडा आला तर तो एखाद्या टिंबासारखा येतो, आणि टक्केवारीत आला तर उड्या मारतो. गेल्या पावसाळ्यात चार आणि ह्या पावसाळ्यात आठ, की लगेच 'शंभर टक्के वाढ'. लहान जागेची टक्केवारी ही अशी फसवी असते. पण ह्यावरून लहान जागेच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे असे ठरवणे ही त्याहून मोठी चूक होईल, कारण लहान जागी बसलेल्या एका माणसानेच कधीकधी आकड्याचा अर्थ लावला आहे.

भोरहून वरंध घाट उतरला की बिरवाडी आणि महाड. १९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. कोकणातला लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, रात्री दाखल होत आणि बऱ्याचदा सकाळपर्यंत मरत. गंभीर दंशात सुमारे तीस टक्के. त्या काळच्या वैद्यकाच्या पुस्तकांत विंचवाला फारशी जागा नव्हती. शहरातल्या प्राध्यापकांना विंचवाने माणूस मरतो हेच फारसे परिचित नव्हते. इथेही पुन्हा संहितेतले मौन. शहरी रुग्णालयाच्या वहीत विंचू नव्हता, कारण विंचू चावलेला माणूस तिथपर्यंत जिवंत पोचत नव्हता. बावस्करांनी रात्र-रात्र खाटेजवळ बसून लक्षणांचा क्रम लिहिला: आधी दरदरून घाम, वांत्या, गार पडलेले हातपाय, मग रक्तदाबाचा उसळता चढ, मग हृदयाची हार आणि फुप्फुसांत साचणारे पाणी. १९८२ मध्ये हे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आले. १९८६ मध्ये रक्तदाबावरील प्रॅझोसिन ह्या गोळीचा उपयोगही तिथेच प्रसिद्ध झाला. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले.

हा उतार खरा, हे आपण कशावरून म्हणतो? कोणी म्हणू शकेल की डॉक्टरची कीर्ती पसरली तसे किरकोळ दंशाचेही रुग्ण येऊ लागले असतील, छेद फुगला असेल, आणि म्हणून प्रमाण घटलेले दिसते. शंका रास्त आहे, नाइटिंगेलच्या तक्त्यावरच्या शंकेइतकीच. तिचे उत्तर लक्षणांच्या क्रमात आहे. ज्यांच्या अंगावर विषाची ती गंभीर चिन्हे उमटली आहेत अशाच रुग्णांची तुलना अशाच रुग्णांशी केली की किरकोळ दंशाने फुगणारा छेद आपोआप बाजूला पडतो. शिवाय औषध जिथे लागते ती जागा, हृदयावरचा ताण, आधी ओळखली गेली होती. आकडा उतरला तो त्या ओळखीच्या मागून. पुढे २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने विंचवाची प्रतिलस आणि प्रॅझोसिन ह्यांची एकत्रित चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. तिथे कोणत्या रुग्णाला काय द्यायचे हे चिठ्ठीच्या न्यायाने ठरले होते. पुण्याच्या १८९७ च्या मे महिन्यात ह्यांपैकी काहीच नव्हते: रोगाची यंत्रणा माहीत नव्हती, तुलनेला दुसरा गट नव्हता, ऋतूचा विचार नव्हता. होता फक्त उतार, आणि त्यावर हक्क सांगणारी समिती.

१९१८ च्या मानमोडीविषयी इथे थोडेच लिहितो, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. शहरात निदान ही संख्या तरी आहे. खेड्यांत मृत्यूची खबर गावचा पाटील देई, आणि त्याच्यापुढे रकाने मोजकेच: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, अपघात, इतर. इन्फ्लुएन्झाला रकाना नव्हता. त्यामुळे त्या वर्षीच्या तक्त्यांत 'ताप' हा शब्द अचानक प्रचंड सुजलेला दिसतो. शब्द तोच, अर्थ बदलला. भाषाभ्यासकांना हे ओळखीचे वाटेल. हिंदुस्थानातील एकूण मृत्यूंचा अंदाज आज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत केला जातो. ही एवढी रुंद दरी बऱ्याच अंशी त्या एका रकान्यातून आणि न झालेल्या नोंदींतून आली आहे.

चढापेक्षा उतार वाचणे अधिक कठीण, ह्याचे अलीकडचे उदाहरण २०२० चे. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत जगभरच्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण अचानक कमी झाले. भारतातील १८७ रुग्णालयांच्या अभ्यासात मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतची ही घट आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे ३५ टक्के होती. तेव्हा काही जण उत्साहाने म्हणाले की धावपळ थांबली, हवा स्वच्छ झाली, बाहेरचे खाणे बंद झाले, म्हणून हृदये सुधारली. थोडेफार तसेही असेल. पण वाहन नाही, रस्त्यावर पोलिसांचे नाके, आणि दवाखान्यात गेलो तर तिथूनच करोना घरी येईल ही भीती. छातीत कळ आलेला माणूस 'पित्त झाले असेल' म्हणून घरीच पडून राहिला, अशा हकिकती त्या काळात गावोगाव ऐकायला मिळाल्या. ज्या मुलखात मोठा इलाज म्हणजे पुणे, आणि पुण्याच्या वाटेवर घाट आणि नाका, तिथे ही घट म्हणजे आरोग्य असे समजणे क्रूरपणाचे होईल. १८९७ चा माळ्यावर लपवलेला रोगी आणि २०२० चा घरी पडून राहिलेला रोगी हे एकाच कुळातले. एकाला दवाखान्यात नेतील ही भीती, दुसऱ्याला दवाखान्यात जावे लागेल ही.

मग दवाखान्यात न आलेल्याची नोंद कशी मिळवायची? ह्याचा एक मार्ग ह्या शतकाच्या प्रारंभी भारतात निघाला, आणि तो साहित्याच्या माणसाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. देशभरच्या नमुना गावांत आणि वस्त्यांत ज्या घरात मृत्यू झाला तिथे कार्यकर्ता जातो आणि विचारपूस करतो. दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास म्हणून हा प्रकल्प ओळखला जातो. त्यातील २००१ ते २००३ मधील सुमारे १,२३,००० मृत्यूंच्या नोंदींत ५६२ मृत्यू सर्पदंशाचे आढळले. त्यावरून देशाचा अंदाज निघाला वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यूंचा. शासकीय नोंदींतली संख्या ह्याच्या कितीतरी खाली होती. २०२० मध्ये त्याच पद्धतीने पुढे जाऊन असे दिसले की २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, सुमारे निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांतले, आणि पहिल्या पाहणीत तीन-चतुर्थांशांच्या आसपास दवाखान्याबाहेरचे. महाराष्ट्राच्या शासकीय नोंदींत सर्पदंश पुष्कळ आहेत, पण ह्या अंदाजात सर्वाधिक मृत्यू उत्तर प्रदेश, आंध्र आणि बिहारचे निघाले. ज्या राज्याच्या वहीत साप अधिक, तिथे साप अधिक असतीलच असे नाही. वही अधिक असेल.

पद्धत अशी: कार्यकर्ता घरातल्या माणसांकडून मरणाची हकिकत ऐकतो, ठरावीक प्रश्नांची उत्तरे लिहितो, आणि त्याखाली त्या प्रदेशाच्या भाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत, अर्धे-एक पान मजकूर लिहितो: काय झाले, कधी झाले, आधी काय दिसले, मग कोणाकडे नेले. हे पान त्या माणसाला कधीही न पाहिलेले दोन डॉक्टर, एकमेकांना न विचारता, स्वतंत्रपणे वाचतात आणि मृत्यूचे कारण ठरवतात. दोघांचे जमले नाही तर एकमेकांची कारणे पाहून पुन्हा वाचतात. तरीही जमले नाही तर ते पान तिसऱ्याकडे जाते.

भोरच्या अठरा हजारांसाठी असे पान कोणी लिहिले नाही. तिथे आपल्याजवळ फक्त बारा टक्के आहेत, आणि त्यांच्या शेजारी खंडणीची रक्कम.